टिळकांचा ‘दरबार’ आणि मराठी ख्रिस्ती प्रवचन

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची कविता वाङ्मयेतिहासात अभ्यासावी आणि त्यांचे धर्मचिंतन चरित्रात, अशी विभागणी मराठी समीक्षेत रूढ झाली आहे. ती सोयीची असली तरी तिच्यामुळे एक प्रश्न नजरेआड होतो. टिळकांचे अखेरचे कार्यक्षेत्र सातारा. तेथील व शेजारच्या सांगलीकडील ख्रिस्ती मंडळ्यांच्या प्रवचनाला टिळकांनी कोणते वळण दिले, आणि त्या वळणातून त्यांच्या धर्मचिंतनाचा कोणता अंश पुढे गेला, कोणता मागे राहिला?

टिळकपूर्व मराठी ख्रिस्ती प्रवचनाची प्रधान रीत खंडन-मंडनाची होती. १८३० च्या दशकात मुंबईत जॉन विल्सन यांनी शास्त्री-पंडितांशी केलेले वाद आणि १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांचे समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी झालेले वाद ही तिची ठळक उदाहरणे होत. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनीही षड्दर्शनांची चिकित्सा करीतच आपला मार्ग आखला. या रीतीत श्रोता हा प्रतिपक्ष असतो. वक्ता त्याच्या समोर उभा राहतो, त्याच्या शेजारी नव्हे.

कीर्तनाचा स्वीकार टिळकांच्या आधीच झाला होता. अहमदनगर येथे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू केली. तेव्हा रूपाच्या शोधाचे श्रेय टिळकांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांचे कार्य निराळे आहे. प्रचाराला सोयीचे साधन म्हणून स्वीकारल्या गेलेल्या रूपामागे त्यांनी धर्मतत्त्व उभे केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांची अशी धारणा होत गेली, की आपण ख्रिस्तापर्यंत तुकारामांच्या वाटेने आलो. हिंदू संतांची वाणी इथल्या ख्रिस्ती माणसाला जुन्या करारासारखी आहे, हा विचार त्यांनी मांडला. करार जुना असला तरी तो रद्द होत नाही, पूर्ण होतो. म्हणजेच संतवाणीचे खंडन करून ख्रिस्त सांगता येणार नाही. ती पुढे नेऊनच तो सांगता येईल.

या विधानाचा परिणाम प्रवचनाच्या भाषिक रचनेवर होतो, आणि समीक्षेच्या दृष्टीने खरा मुद्दा हाच आहे. श्रोता प्रतिपक्ष न राहता सहप्रवासी होतो. युक्तिवादाची जागा आळवणी घेते. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त ‘गुरू’ आहे, ‘माउली’ आहे. त्यामुळे पाप, दंड आणि ऋण या न्यायालयीन परिभाषेपेक्षा भेट, विरह आणि कृपा यांची परिभाषा पुढे येते. प्रवचनकार श्रोत्यांना उद्देशून बोलता बोलता त्यांच्यासह देवाकडे वळतो. संबोधनाची ही दिशा म्हणजेच टिळकांचे धर्मचिंतन. ते अभंगाबाहेर काढून निबंधात मांडू गेल्यास त्यातील निम्मे नाहीसे होते.

सप्टेंबर १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. सज्जनगडाच्या सान्निध्यातील या गावाला रामदासी परंपरेमुळे कीर्तन आणि संन्यास यांचा अर्थ नव्याने सांगावा लागत नव्हता. टिळकांनी संन्यास स्वीकारला, पण घर-संसार सोडला नाही. दरबाराचे खरे वेगळेपण त्याच्या सभासदत्वात होते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. संतवाणी हा जुना करार मानल्यावर ही पायरी अपरिहार्यच होती. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि त्यानंतर दरबार फार काळ टिकला नाही.

साताऱ्याकडील मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेतल्या, तर सांगली-मिरजेकडील प्रेस्बिटेरियन परंपरेतल्या होत्या. १९२४ मध्ये या दोन्ही परंपरा ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ या संस्थेत एकत्र आल्या. १९७० मध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले. संस्थांची नावे बदलत गेली, तरी टिळकांची गीते ‘उपासनासंगीता’तून गायिली जात राहिली. प्रवचनाच्या आधी आणि नंतर टिळक आहेत. मधल्या उपदेशात मात्र वचन, त्याची कलमे आणि बोध हाच मिशनचा साचा पुष्कळदा कायम राहिला. चर्चने टिळकांचा सूर घेतला, दरबार घेतला नाही.

या प्रभावावर आणखी एक आक्षेप संभवतो. १९८१ मध्ये बंगळूर येथे अरविंद निर्मळ यांनी भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन ब्राह्मणी परंपरेत अडकल्याचे सांगून दलित धर्मचिंतनाची वाट मोकळी केली. पश्चिम महाराष्ट्रातील मंडळ्यांत महार-मांग समाजांतून आलेली माणसे मोठ्या संख्येने आहेत. चित्पावन टिळकांची वाणी ही त्यांची वाणी कशी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे निम्मे उत्तर टिळकांच्या निवडीत सापडते. ब्रह्मबांधव उपाध्याय वेदान्ताकडे वळले, टिळक तुकारामांकडे. अभंग हे रूप चोखामेळ्याचेही आहे आणि भजनी मंडळींना ते बाहेरून शिकवावे लागले नाही. परंतु उरलेले निम्मे उत्तर टिळकांपाशी नाही. आळवणीच्या भाषेत वेदना मावते. अन्यायाविषयीचा संताप तितका मावत नाही.

म्हणून टिळकांच्या प्रभावाचे मोजमाप त्यांची किती गीते गायिली जातात यावरून करणे पुरेसे नाही. गीत संपल्यावर बोलायला उभा राहणारा माणूस समोरच्याला प्रतिपक्ष मानतो की सहप्रवासी, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या ख्रिस्तभक्ताला आत जागा देतो की नाही, यावर ते अवलंबून आहे. साताऱ्याच्या दरबाराने विचारलेला हा प्रश्न वाङ्मयीन आहे तितकाच धार्मिकही आहे.