छिंगहावचा अर्क

प्राचीन ग्रंथांत सर्व काही होते असे म्हणणारा एक पक्ष आपल्याकडे आहे, आणि त्यांत काहीच नव्हते असे म्हणणारा दुसरा. या दोघांनाही चीनमधील एका वनस्पतीची हकीकत ऐकवावी असे आम्हांस वाटते.

व्हिएतनामच्या युद्धात हिवतापाने सैनिकांना ग्रासले आणि क्लोरोक्विनही निकामी ठरू लागले. तेव्हा २३ मे १९६७ रोजी चीनने एक गुप्त संशोधन-योजना हाती घेतली. तारखेवरूनच तिचे नाव पडले '५२३'. १९६९ साली बीजिंगमधील तू यूयू या विदुषीकडे तिच्यातील एक काम आले. सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले गेले. छिंगहाव या, आपल्या दवण्याच्या जातकुळीतील वनस्पतीने आशा दाखवली खरी, पण पुढच्या खेपांना गुण येईना.

मग चौथ्या शतकातील गे हुंग यांचा ग्रंथ पुन्हा उघडला गेला. त्यात पाला उकळण्यास सांगितलेले नाही. पाण्यात भिजवून पिळलेला रस घ्यावयास सांगितले आहे. औषध म्हटले की चूल पेटलीच पाहिजे, ही सवय चिन्यांची तशी आपलीही! उष्णतेने गुण नाहीसा होत असावा, असा तर्क करून तू यूयू यांनी ३५ अंशांच्या आतच उकळणारे ईथर वापरले.

इथवरची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. आम्हांस मोलाचे वाटते ते पुढचे काम, आणि ते ग्रंथात नाही. ईथरमध्ये औषधाबरोबर वनस्पतीतील आम्लद्रव्येही उतरली होती. त्यांत विषारीपणा होता, गुण नव्हता. अल्कलीच्या पाण्याने अर्क धुतला की ही आम्ले क्षाररूप होऊन पाण्यात जातात आणि उदासीन भाग ईथरमध्ये उरतो. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी अशा धुतलेल्या १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील हिवतापाचे जंतू शंभर टक्के नाहीसे केले.

प्राण्यांवरील प्रयोगांत विषारीपणाची शंका तरीही उरली होती. म्हणून १९७२ च्या जुलैमध्ये तू यूयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला; रोग्यांना नंतर दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शुद्ध स्फटिक हाती आले. २०१५ चे नोबेल पारितोषिक याच कामाचे.

१९७३ साली या स्फटिकांच्या गोळ्या हैनान बेटावर दिल्या, तर गुण बेताचाच आला. द्रव्य निर्दोष होते. गोळीच नीट विरघळत नव्हती. तेच द्रव्य कॅप्सूलमध्ये भरून दिले, आणि ताप उतरला.