वाहनचालनातील अवधानभंग व मोबाइलविषयक कायदे

वाहन चालवत असताना चालकाचे लक्ष रस्त्यावरून ढळून दुसऱ्या एखाद्या कामात गुंतणे याला वाहनचालनातील अवधानभंग म्हणतात. खाणेपिणे, गाण्याचा आवाज कमीजास्त करणे, मागच्या आसनावरील मुलाकडे वळून पाहणे ही त्याची जुनी रूपे होत. परंतु मोबाइल फोनने, आणि विशेषतः त्यावर संदेश वाचण्या-लिहिण्याच्या सवयीने, या प्रश्नाला पूर्वी नव्हते इतके गांभीर्य आणले, आणि म्हणूनच गेल्या पाव शतकात अनेक देशांनी त्याविरुद्ध स्वतंत्र कायदे केले.

रस्तासुरक्षेचे अभ्यासक अवधानभंगाचे तीन प्रकार मानतात. नजर रस्त्यावरून हटणे हा दृष्टीचा, हात स्टिअरिंगवरून किंवा हँडलवरून सुटणे हा हाताचा, आणि मन चालवण्याच्या कामातून निघून जाणे हा मनाचा अवधानभंग होय. संदेश लिहिताना हे तिन्ही एकाच वेळी घडतात, हे त्याचे वेगळेपण आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक परिवहन संस्थेने ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवून केलेली पाहणी २००९ मध्ये जाहीर केली. तीत संदेश लिहिणाऱ्या चालकाच्या बाबतीत अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात घडण्याचा धोका एरवीच्या २३ पट आढळला, आणि अशा प्रसंगाच्या वेळच्या ६ सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद चालकाची नजर फोनवर असल्याचे दिसले. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एवढ्या अवधीत १०० मीटरहून अधिक अंतर कापते, आणि तेवढा रस्ता चालकाने पाहिलेलाच नसतो.

तिन्ही प्रकारांत मनाचा अवधानभंग सर्वांत कमी ओळखला जातो, आणि कायद्याचे हात नेमके तेथेच तोकडे पडतात. रेडेलमायर व तिबशिरानी या संशोधकांनी टोरांटोतील, फोन बाळगणाऱ्या आणि अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून १९९७ मध्ये असे दाखवले, की बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि फोन हातात न धरता बोलल्याने तो कमी होत असल्याचा पुरावा मिळत नाही. याचे कारण यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. वाहन चालवण्याचा आभास निर्माण करणाऱ्या यंत्रावर बसून फोनवर बोलणाऱ्या चालकांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडत होती, तरी नंतर विचारले असता ते फलक त्यांना फार कमी प्रमाणात ओळखता आले. डोळ्यांसमोरची वस्तू मनापर्यंत न पोचण्याच्या या अवस्थेला अनवधानजन्य अंधत्व असे म्हणता येईल. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्यात हा दोष तितका आढळत नाही, कारण समोर वळण किंवा गर्दी दिसताच तोही बोलणे थांबवतो, तर फोनच्या पलीकडच्या माणसाला रस्ता दिसतच नसतो. गाडीला किंवा फोनला तोंडी आज्ञा दिल्यानंतर चालकाचे अवधान पूर्ववत होण्यास कधीकधी २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो, असेही स्ट्रेयर यांच्याच गटाने २०१५ मध्ये नोंदवले. म्हणजे सिग्नलला थांबल्यावर असे काम उरकून हिरवा दिवा लागताच निघालेला चालक चौक ओलांडताना पुरता भानावर आलेला असेलच असे नाही.

कायद्याची सुरुवात फोन हातात धरून बोलण्यावरील बंदीने झाली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २००१ मध्ये असा पहिला राज्यव्यापी कायदा केला, आणि संदेशलेखनावर वेगळी बंदी घालणारे पहिले राज्य २००७ मध्ये वॉशिंग्टन ठरले. १२ सप्टेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसमधील चॅट्सवर्थ येथे प्रवासी रेल्वेगाडी व मालगाडी यांची टक्कर होऊन २५ जणांचा मृत्यू झाला. प्रवासी गाडीचा चालक संदेशांच्या देवाणघेवाणीत गुंतल्याने लाल सिग्नल ओलांडून गेल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. पुढच्याच वर्षी अध्यक्ष ओबामा यांनी सरकारी कामासाठी वाहन चालवणाऱ्या संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना संदेशलेखनाची मनाई केली. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००३ पासून असलेली बंदी सुरुवातीला संभाषण व संदेश यांपुरती समजली जात असे. त्यामुळे चित्रफीत घेणारे किंवा गाणी निवडणारे चालक सुटू लागले, आणि ही पळवाट २०२२ मध्ये बुजवावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१९ च्या अखेरीस चालकाच्या हातातील फोन टिपणारे कॅमेरे रस्त्यांवर बसवले.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या मूळ मसुद्यात मोबाइलचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. पोलीस फोन वापरणाऱ्या चालकावर कलम १८४, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवणे, किंवा राज्यांचे पोलीस कायदे यांखाली कारवाई करीत. केरळ उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये असा निर्णय दिला, की वाहन चालवताना फोनवर बोलणे एवढ्यानेच केरळ पोलीस अधिनियमाखाली गुन्हा होत नाही, त्याने लोकांची सुरक्षितता धोक्यात आल्याचे दाखवले पाहिजे. या निर्णयाने कायद्यातील उणीव उघड झाली. २०१९ च्या दुरुस्तीने ती भरून काढली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून हाती धरण्याच्या संपर्कसाधनांचा वापर हे कृत्य कलम १८४ च्या स्पष्टीकरणात, लाल दिवा ओलांडणे व उलट दिशेने वाहन चालवणे यांच्या पंक्तीत बसवले गेले. पहिल्या गुन्ह्यास ६ महिने ते १ वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमदुरुस्तीने, चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने केवळ मार्ग पाहण्यासाठी फोन वापरण्यास मुभा दिली.

कागदावर ही शिक्षा कडक दिसते, तरी त्याच दुरुस्तीने कलम २०० मध्ये केलेला बदल तिची धार बोथट करतो. कलम १८४ खालील कृत्यांपैकी फोनचा वापर तेवढा तडजोडयोग्य, म्हणजे राज्य सरकारने ठरवलेले शुल्क भरून न्यायालयाबाहेर मिटवता येण्याजोगा, ठरवला गेला. व्यवहारात त्यामुळे हा गुन्हा ई-चलानापुरता उरतो. महाराष्ट्राने तडजोड शुल्काचे वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने हे उल्लंघनही टिपले जाते. दंडापेक्षा परवाना जाण्याची भीती अधिक परिणामकारक ठरते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्तासुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्येच अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते, आणि त्यांची अंमलबजावणी सातत्याने होणे हे कोणत्याही नव्या दंडवाढीहून अधिक निकडीचे आहे.

२०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील किती मृत्यूंच्या मुळाशी फोन होता हे नेमके सांगणे कठीण असते, कारण वेग किंवा मद्य यांप्रमाणे अवधानभंगाची खूण मागे उरत नाही, आणि फोनच्या नोंदी मागवून तपासल्याखेरीज तो पंचनाम्यात येत नाही. घरपोच सेवा देणाऱ्या दुचाकीस्वारांच्या बाबतीत तर फोन हेच कामाचे साधन असते. पुढची मागणी धावत्या गाडीवर स्वीकारावी लागेल अशी रचना करणाऱ्या कंपनीला मात्र कलम १८४ स्पर्श करीत नाही. त्या कलमातील शब्दयोजना हाती धरण्याच्या साधनांपुरती असल्याने कानात ब्लूटूथ लावून बोलणारा चालकही तिच्या कक्षेबाहेर राहतो.