नभोनाट्य रूपांतर

कादंबरी, कथा किंवा अन्य साहित्यकृतीला अनेक कलावंतांचे आवाज, ध्वनिसंकेत आणि संगीत यांच्या साहाय्याने दिलेले केवळ श्राव्य नाट्यरूप म्हणजे नभोनाट्य रूपांतर होय. यात प्रत्येक पात्रासाठी स्वतंत्र कलावंत असतो. म्हणून त्यास बहुपात्री श्राव्य रूपांतर असेही म्हटले जाते. एका वाचकाने संपूर्ण पुस्तक वाचून दाखवलेल्या श्राव्यपुस्तकाहून हा प्रकार वेगळा आहे. श्राव्यपुस्तकात लेखकाचे शब्द जसेच्या तसे राहतात. रूपांतरात निवेदनाचा बराचसा भाग काढून त्याचे संवाद व ध्वनी यांत परिवर्तन करावे लागते. मराठीत छोट्या नभोनाट्यास ‘श्रुतिका’ ही संज्ञा रूढ आहे.

इतिहास

खास नभोवाणीसाठी लिहिलेल्या आरंभीच्या नाटकांत रिचर्ड ह्यूज यांच्या ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ची गणना होते. १५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीवरून प्रसारित झालेले हे नाटक कोळशाच्या खाणीत दिवे गेल्यानंतर घडते. पात्रांनाही काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही नाही. माध्यमाची उणीव कथानकातच सामावून घेण्याची ही युक्ती पुढील नभोनाट्यकारांना मार्गदर्शक ठरली. अमेरिकेत ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीचे रूपांतर सादर केले. मूळ कथा इंग्लंडमध्ये घडते. रूपांतरात ती न्यू जर्सीतील ओळखीच्या गावांत आणली गेली आणि बातमीपत्राच्या घाटात मांडली गेली. या प्रसारणाने उडालेल्या घबराटीच्या कथा वृत्तपत्रांनी बऱ्याच फुगवल्या, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे.

मुंबई नभोवाणी केंद्राचे उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई, नागपूर आणि पुणे या केंद्रांनी मराठी श्रुतिकांचा श्रोतृवर्ग घडवला. मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक मालिकेतील पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी ही पात्रे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्या आवाजांवरूनच घराघरांत ओळखली जात. पुढे गूढकथाकार म्हणून प्रसिद्धी पावलेले रत्नाकर मतकरी यांची ‘वेडी माणसं’ ही पहिली एकांकिका १९५५ मध्ये मुंबई केंद्रावरूनच प्रसारित झाली.

बहुपात्री आणि एकपात्री सादरीकरणातील फरक समजण्यासाठी मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण नाटकाचे नसून गीतमालिकेचे आहे. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’तील ५६ गीते ग. दि. माडगूळकर यांनी लिहिली आणि सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केली. मूळ प्रसारणात निरनिराळ्या पात्रांची गीते निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. सीतेसाठी माणिक वर्मा यांचा आवाज होता. पुढे फडके यांनी सर्व गीते स्वतः गाऊन त्यांचे कार्यक्रम केले, आणि ध्वनिमुद्रिकांद्वारे तेच एकहाती रूप सर्वपरिचित झाले. पहिल्या रूपात पात्रे श्रोत्यासमोर उभी राहतात, तर दुसऱ्यात ती एका कथेकऱ्याच्या कंठातून येतात. दोहोंत डावे-उजवे करणे कठीण आहे. मात्र मूळ बहुस्वरी रचना जनमानसातून मागे पडली, हे नोंदवण्याजोगे आहे.

रूपांतराचे तंत्र

एक लाख शब्दांची कादंबरी वाचून दाखवण्यास सुमारे अकरा तास लागतात. नभोनाट्याला त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी वेळ मिळतो. त्यामुळे काय वगळायचे हा रूपांतरकारापुढील पहिला प्रश्न असतो. दुसरा प्रश्न निवेदकाचा. निवेदक ठेवला तर लेखकाची शैली टिकते, पण नाट्य मंदावते. काढला तर सर्व माहिती पात्रांच्या तोंडी घालावी लागते आणि ‘हे बघ, मी आता दार उघडतो आहे’ अशा कृत्रिम संवादांचा धोका उद्भवतो.

नभोनाट्यात गप्प राहिलेले पात्र श्रोत्याच्या लेखी त्या जागी नसतेच. म्हणून पात्रे परस्परांना वारंवार नावाने वा नात्याने हाक मारतात, आणि एका प्रवेशात फार आवाज एकत्र आणले जात नाहीत. कलावंत ध्वनिक्षेपकापासून किती अंतरावर आहे, यावरून पात्र जवळ आहे की दूर हे कळते. आवाजातील घुमारा गुहा, देऊळ वा भुयार सुचवतो. घोड्यांच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या, आगीसाठी चुरगाळलेला सेलोफेन कागद आणि मेघगर्जनेसाठी पातळ पत्रा ही जुनी साधने ध्वनिमुद्रित संग्रह उपलब्ध झाल्यानंतरही पूर्णपणे बाद झालेली नाहीत.

नागर अद्भुतकथा

परिचित शहरात अद्भुत शक्तींचा वावर कल्पिणाऱ्या कथाप्रकारास नागर अद्भुतकथा म्हणता येईल. या प्रकारच्या बहुपात्री रूपांतराचे विशेष गाजलेले उदाहरण म्हणजे नील गेमन यांच्या ‘नेव्हरव्हेअर’ (१९९६) या कादंबरीचे डर्क मॅग्स यांनी केलेले नभोनाट्य. त्याचे प्रसारण बीबीसी रेडिओ ४ वर १६ मार्च २०१३ रोजी सुरू झाले; एक तासाच्या पहिल्या भागानंतर अर्ध्या तासाचे पाच भाग रेडिओ ४ एक्स्ट्रावर प्रसारित झाले. जेम्स मॅकअव्हॉय, नॅटली डॉर्मर, डेव्हिड हेअरवुड, बेनेडिक्ट कंबरबॅच आणि ख्रिस्तोफर ली यांच्या त्यात भूमिका होत्या.

कथानायक रिचर्ड मेह्यू रस्त्यात पडलेल्या एका जखमी मुलीला मदत करतो आणि त्यानंतर ‘वरच्या’ लंडनमधील माणसांच्या लेखी तो नाहीसा होतो. रंगमंचावर किंवा पडद्यावर असा माणूस प्रेक्षकाला दिसतच राहतो. नभोनाट्यात मात्र तो बोलतो आणि कोणी उत्तर देत नाही, एवढ्यानेच काम भागते. कादंबरीत लंडनच्या भुयारी रेल्वे स्थानकांची नावे शब्दशः खरी होतात: अर्ल्स कोर्टला खरोखरच अर्लचा दरबार भरतो. ‘नाइट्सब्रिज’ या नावावरील श्लेष मात्र इंग्रजी वर्णलेखनावर आधारलेला आहे. सरदारांचा पूल आणि रात्रीचा पूल हे दोन्ही शब्द कानाला एकच वाटतात, त्यामुळे भेद संवादातून उलगडावा लागतो. (देवनागरीतही ते सारखेच लिहिले जातात, म्हणजे मराठी वाचकाची अवस्था श्रोत्यासारखीच होते.) मुंबईत तलाव बुजल्यावरही टिकलेले ‘धोबी तलाव’ आणि वेस पाडली गेल्यावरही राहिलेले ‘चर्चगेट’ ही नावे याच जातीची आहेत.

मराठीत नारायण धारप यांच्या भयकथा-कादंबऱ्या आणि मतकरी यांच्या गूढकथा या प्रकाराला जवळच्या आहेत. विशेषतः मतकरींच्या कथांतील भय मध्यमवर्गीय घरांतल्या नेहमीच्या वस्तूंमधून उद्भवते.

श्रवण आणि जतन

नभोनाट्य ठरलेल्या वेळी, बहुधा घरातील सर्वांनी एकत्र बसून ऐकण्याची गोष्ट होती. मध्यम लहरींचे प्रसारण भूपृष्ठालगत दूरवर पोहोचते. एफएम लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगराआड क्षीण होतात. त्यामुळे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडासारख्या सह्याद्रीच्या उंच कड्यांच्या परिसरात मध्यम लहरींचे महत्त्व शहरापेक्षा अधिक राहते. भ्रमणध्वनीवर आधी उतरवून घेतलेला भाग मात्र संपर्कजाळे नसतानाही ऐकता येतो. स्टोरीटेल या मूळच्या स्वीडिश सेवेने २०१७ मध्ये भारतात पदार्पण करताना मराठीचा समावेश केला. अशा सेवांवरील मराठी पुस्तकांचा मोठा भाग एकाच वाचकाच्या आवाजात असतो. बहुपात्री निर्मितीला अधिक कलावंत, तालमी आणि ध्वनिसंयोजन लागत असल्याने खर्च वाढतो.

कानात श्रवणयंत्रणा घालून एकट्याने ऐकताना डाव्या-उजव्या बाजूचे ध्वनी स्पष्ट वेगळे होतात आणि कुजबुज थेट कानाशी येते. भयकथेला हे पोषक ठरते. जुन्या श्रुतिका मात्र खोलीतील एका संचातून, घरच्या इतर आवाजांसह ऐकल्या जाण्यासाठी रचलेल्या होत्या. त्यांतील ठसठशीत उच्चार आज काहीसे नाटकी वाटतात, त्याचे हे एक कारण आहे. आरंभीच्या काळात नभोनाट्ये थेट सादर होत. ज्यांचे ध्वनिमुद्रण झाले नाही, त्यांच्या बाबतीत संहिता उरली तरी प्रयोग उरला नाही.