डाळे, शेंगदाणे, गूळ : प्रथिनांच्या शोधाचा एक लांबचा वळसा

भाजलेले शेंगदाणे, डाळे आणि गूळ एकत्र कुटून वळलेला लाडू. शाळेचा डबा, शेताचा बांध, प्रवासाची पिशवी ही त्याची ठिकाणे. चूल लागते ती भाजण्यापुरती, आणि डाळ्यांच्या बाबतीत ते काम भडभुंज्याने आधीच केलेले असते. आज हाच लाडू ‘प्रोटीन बाइट’ या नावाने नव्याने घरोघरी वळला जातो. मधल्या काळात मात्र जगातील नामवंत शास्त्रज्ञांनी जवळजवळ याच पदार्थाचा शोध प्रयोगशाळेत घेतला, त्यावर पुष्कळ पैसा आणि त्याहून अधिक वाद खर्च केला, आणि त्या वादात एका सातारकराने महत्त्वाची भर घातली. हा इतिहास त्या वळशाचा.

सुरुवात पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घानामध्ये होते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर तेथे लहान मुलांवर उपचार करीत. हातापायांना सूज, कातडी सोललेली, केस विरळ व फिकट, अशी मुले त्यांच्याकडे येत. १९३३ मध्ये त्यांनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ मध्ये स्थानिक गा भाषेतील त्याचे नावही वैद्यकाला दिले : क्वाशिओरकॉर. धाकटे भावंड जन्माला आल्यावर अंगावरच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय. मराठी पाठ्यपुस्तके त्याला सुजवटी म्हणतात. दूध सुटलेल्या या मुलांच्या वाट्याला मुख्यतः मक्याची पेज येई. आहारात प्रथिनांची उणीव असावी, हा विल्यम्स यांचा तर्क त्या परिस्थितीत रास्तच होता.

एका प्रदेशातील हे निरीक्षण दुसऱ्या महायुद्धानंतर साऱ्या गरीब जगाचे निदान बनले. १९५५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रथिनांविषयी स्वतंत्र सल्लागार गट नेमला. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी तर येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटा’चा इशारा देणारा अहवालच काढला. ग्वाटेमालात मका आणि सरकीच्या पिठापासून ‘इन्कापरिना’ तयार झाले. माशांची भुकटी निघाली. फ्रान्समध्ये खनिज तेलातील मेणावर यीस्ट वाढवून त्यातून प्रथिने काढण्याचे प्रयोग झाले. भुकेल्या मुलासाठी पेट्रोलियमपर्यंत पोहोचलेली ही कल्पकता आज वाचताना थक्क व्हायला होते, थोडी धास्तीही वाटते.

भारताचा मार्ग त्या मानाने जमिनीवरचा होता. त्याची प्रेरणा मात्र लॉस एंजेलिसची. क्लिफर्ड क्लिंटन हा तेथील एक उपाहारगृहचालक. त्याने कॅल्टेकचे जीवरसायनशास्त्रज्ञ हेन्री बोरसूक यांना स्वस्त आणि पूर्ण पोषण देणारे अन्न तयार करण्याची गळ घातली. त्यातून सोयाबीनच्या पिठाचे ‘मल्टी-पर्पज फूड’ सिद्ध झाले. एका जेवणाचा खर्च सुमारे तीन सेंट. १९४६ मध्ये त्याच्या प्रसारासाठी ‘मील्स फॉर मिलियन्स’ ही संस्था निघाली. भारतात तेव्हा सोयाबीन परका होता, भुईमूग मात्र मुबलक. म्हैसूरच्या चेलुवांबा महालात १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सोयाबीनची जागा शेंगदाण्याला दिली. व्ही. सुब्रह्मण्यन हे संस्थेचे पहिले संचालक. भारतीय ‘बहुउद्देशीय अन्ना’त तीन भाग तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ, एक भाग भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ आणि वरून जीवनसत्त्वे व कॅल्शियम असे. त्यात सुमारे दोन-पंचमांश प्रथिने होती. आमटीत, भाजीत, कणकेत कोठेही घालावे, अशी कल्पना.

कागदावर यात खोट काढणे कठीण. शेंगदाण्याच्या प्रथिनांत लायसीन हे अमायनो आम्ल कमी असते, हरभरा ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. पण तेल काढल्यावर उरलेल्या शेंगदाण्याला मराठी माणूस पेंड म्हणतो, आणि पेंड गोठ्यात जाते. निवडक दाण्यांपासून स्वच्छतेने केलेले पीठ ही वेगळी वस्तू, हे शास्त्रज्ञाला पटते. स्वयंपाकघराला पटवणे अवघड. शिवाय या पिठात तेल नव्हते आणि गूळही नव्हता. प्रथिनांचे प्रमाण वाढावे म्हणून लाडवातून जे काढून टाकले, ते काय होते याचा उलगडा पुढे झाला.

त्याआधी आणखी एक धक्का बसला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध घेता घेता बोट ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर आले. पेंडीवर वाढलेल्या ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीचे विष त्यात होते. त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले आणि ते यकृताचा कर्करोग घडवू शकते हेही उघड झाले. ज्या शेंगदाण्यावर गरीब देशांच्या योजना उभ्या होत्या, त्याच्याकडे आता संशयाने पाहणे भाग पडले.

दरम्यान मूळ निदानालाच तडा जात होता. कुन्नूरमध्ये जन्मलेली आणि १९५८ मध्ये हैदराबादला हललेली पोषण संशोधन प्रयोगशाळा ही पुढची राष्ट्रीय पोषण संस्था. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या आसपासच्या खेड्यांतील मुलांचा आहार बारकाईने तपासला. काही मुलांना सुजवटी झाली होती, काहींना सुकटी. पण दोघांच्या पूर्वीच्या आहारात प्रथिनांचा ठळक फरक सापडला नाही. पुढे दिसले ते असे, की ज्वारी-भात-डाळ हाच आहार पोटभर मिळाला, तर बहुतेक मुलांची प्रथिनांची गरजही त्यातूनच भागत होती. मूल पुरेसे खातच नव्हते.

याच निष्कर्षाकडे दुसरा एक माणूस आकडेवारीच्या वाटेने येत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातील बुध गावचा. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय, मग लंडन, आणि १९५१ पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाची धुरा. देशोदेशींच्या आहाराचे आकडे त्यांच्या टेबलावरून जात. भारतीय आहाराच्या पाहण्या तपासून त्यांनी दाखवले, की ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांतील बहुतेकांना मुळात उष्मांकच कमी पडतात. उपाशी शरीर मिळालेली प्रथिने स्नायू घडवायला राखून ठेवत नाही, इंधन म्हणून जाळते. अशा मुलाला प्रथिनांची भुकटी देणे म्हणजे घराच्या तुळया चुलीत घालण्यासारखे. गूळ आणि शेंगदाण्याचे तेल या भुकटीतून वगळले होते. प्रथिने वाचवणारे इंधन तेच होते.

१९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या अहवालाने प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकरणाला प्रथिनांचा महाफजिता ठरवले. भाषा कडवट होती, पण वीस वर्षे चुकीच्या दिशेने खर्ची पडल्यावर सौम्य भाषेची अपेक्षाही करता येत नाही.

सुखात्मे यांचा शब्द पुढे अखेरचा ठरला, असे मात्र नाही. शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेते, या त्यांच्या नंतरच्या मांडणीला पुण्यातच वि. म. दांडेकर यांनी विरोध केला, हैदराबादच्या परंपरेतील गोपालन यांनीही केला. खुरटलेल्या मुलाला ‘जुळवून घेतलेले’ म्हणणे म्हणजे उपासमारीचे आकडे कागदावर कमी करणे, हा आक्षेप आजही वजनदार वाटतो.

हैदराबादच्या संस्थेने कुपोषित मुलांसाठी सुचवलेले मिश्रण या वादाचे खरे फलित मानावे लागेल. गहू ४० ग्रॅम, हरभरा १६, शेंगदाणे १० आणि गूळ २० ग्रॅम. सारे भाजून दळलेले. यातून ३३० उष्मांक आणि ११.३ ग्रॅम प्रथिने मिळतात. गोठ्याची आठवण देणारे काही नाही, बाहेरून आणावे असे काही नाही. गूळ परतला, शेंगदाणा आपल्या तेलासह परतला.

घरी हे प्रमाण पाचपट घेतले, तर २०० ग्रॅम गहू, ८० ग्रॅम डाळे, ५० ग्रॅम शेंगदाणे आणि १०० ग्रॅम गूळ होतो. गहू मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावा लागतो, कारण पुढे तो शिजणार नसतो. डाळे भाजलेलेच असतात. दाणे भाजून, साले पाखडून, बारीक कुटावे. लहान मुलाच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो. एवढे पीठ केवळ गुळाने बांधले जात नाही, थोडे पातळ तूप किंवा गरम दूध लागते. दुधाचा लाडू त्याच दिवशी संपवावा, तुपाचा टिकतो.

आणि भाजण्याआधी दाणे परातीत पसरून निवडावे. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा दाणा बाजूला काढावा. अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पुरते जात नाही.