नदीकाठची रेघ

पुराने शेत बुडाले, तर पाणी ओसरल्यावर पुन्हा नांगरता येते. पण काठच तुटून गेला, तर नांगर धरायचा कुठे? आसामातल्या माजुली बेटाची हीच कथा. १५ ऑगस्ट १९५० रोजी तिकडे मोठा भूकंप झाला. डोंगर ढासळले, गाळ ब्रह्मपुत्रेत आला, पात्र उथळ झाले आणि पाणी अधिकच काठ खाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी होते त्याच्या निम्म्याहून कमी बेट आज उरले आहे. तिथल्या सालमोराचे कुंभार काठाचीच माती खणतात, चाकाशिवाय मडकी घडवतात, नावेतून नेऊन भाताच्या बदल्यात देतात. काठासंगे घर जाते, तशी ही मातीही जाते. गुरुजी, नकाशा शिकवताना मुलांना एवढे सांगाच: नदीकाठची रेघ कायमची नसते.