सरासरीत न मावणारे धुके

डिकन्सने ‘ब्लीक हाउस’चा आरंभ लंडनच्या धुक्याने केला तो १८५२ साली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत, त्याच शहरावर कोळशाच्या धुराने काळवंडलेले धुके साचून राहिले. सुमारे ४,००० माणसे दगावली, असा अंदाज प्रथम मांडला गेला. पुढील महिन्यांतील वाढीव मृत्यू सरकारने इन्फ्लुएंझाच्या खाती टाकले. या शतकाच्या आरंभी झालेल्या फेरतपासणीत मात्र हा आकडा १२,००० च्या घरात गेला.

वर्षाच्या सरासरीत असे पाच दिवस विरून जातात. टोकाच्या मूल्यांचे स्वतंत्र गणित हवे, हा विचार दृढ करणाऱ्यांत एमिल गुम्बेल अग्रणी होता. १९२२ साली या जर्मन गणितज्ञाने राजकीय खुनांची मोजदाद करून उजव्या मारेकऱ्यांना न्यायालये कशी पाठीशी घालतात हे आकड्यांनी दाखवले होते. १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला दूर केले. पुढे तो परागंदा झाला. त्याचा ‘स्टॅटिस्टिक्स ऑफ एक्स्ट्रीम्स’ हा ग्रंथ १९५८ चा. नद्यांच्या महापुरांसाठी वापरलेली ही रीत पुढे प्रदूषणालाही लागू झाली. तेथे प्रश्न एका केंद्राच्या उच्चांकापुरता उरत नाही. प्रदेशातील अनेक केंद्रे एकाच वेळी टोक गाठतील काय, हेही पाहावे लागते.

खुनांची यादी आणि पुराचे गणित या दोहोंमागे गुम्बेलचा आग्रह एकच दिसतो : जे अपवाद म्हणून वगळले जाते, तेच आधी मोजावे. लंडनच्या उरलेल्या मृतांची नोंद याच आग्रहाअभावी अर्धशतक रखडली.