अणुप्रारूपे आणि वर्णपटरेषा

तापलेल्या विरळ वायूचा प्रकाश लोलकातून नेला, तर सप्तरंगी अखंड पट्टा मिळत नाही. मोजक्या तेजस्वी रेषा मिळतात. या उत्सर्जनरेषा. अधिक तप्त उगमाचा अखंड प्रकाश तुलनेने थंड वायूतून आला, तर त्यात काळ्या रेषा पडतात, या शोषणरेषा. त्यांच्या जागा मूलद्रव्यागणिक ठरलेल्या असतात. रेषा आधी मोजल्या गेल्या आणि अणू नंतर उमगला. पाठ्यपुस्तकांत हा क्रम बहुधा उलटा होतो.

योझेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटातील ५०० हून अधिक काळ्या रेषा नोंदल्या. सोडियमची ज्योत ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरच्या ज्या पिवळ्या रेषा देते, त्याच सूर्यप्रकाशात काळ्या दिसतात, म्हणजे सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे, हा उलगडा १८५९ मध्ये हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह किरखोफ यांनी केला. १८६८ मध्ये सूर्याच्या प्रकाशात सोडियमशी न जुळणारी एक पिवळी रेषा आढळली आणि तीवरून हेलियमची कल्पना आली. नॉर्मन लॉकयर यांना हेलियम विजयदुर्ग किल्ल्यावर सापडला, ही कोकणातली लोकप्रिय कथा मात्र दोन ग्रहणांची सरमिसळ आहे. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गास ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी आले; तोवर विल्यम रॅमझी यांनी पृथ्वीवरही हेलियम मिळवला होता.

हायड्रोजनच्या चार दृश्य रेषा ६५६.३, ४८६.१, ४३४.० व ४१०.२ नॅनोमीटरच्या. बाझलमधील शाळाशिक्षक योहान बामर यांनी १८८५ मध्ये त्या एका साध्या सूत्रात बसवल्या, पण सूत्र का लागू पडते हे कोणालाच सांगता येईना. जे. जे. थॉमसन यांच्या १९०४ च्या प्रारूपात धनप्रभाराच्या गोलात इलेक्ट्रॉन विखुरलेले होते. अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ मध्ये धनप्रभार चिमुकल्या केंद्रकात एकवटला. पण अभिजात विद्युत्‌चुंबकीय सिद्धांतानुसार फिरणारा इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा गमावून क्षणार्धात केंद्रकात कोसळायला हवा, आणि कोसळताना त्याने अखंड वर्णपट द्यायला हवा. रेषांना तिथे जागाच नव्हती.

नील्स बोर यांनी बामर यांचे सूत्र १९१३ च्या आरंभी, वर्णपटतज्ज्ञ मित्र हान्स हान्सेन यांच्या सांगण्यावरून पाहिले आणि गाडे पुढे सरकले. बोर यांच्या प्रारूपात इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्याच स्थितींत राहतो व तिथे असताना प्रकाश देत नाही. एका स्थितीतून दुसरीत जाताना ऊर्जेतील फरकाइतका एकच फोटॉन बाहेर पडतो किंवा शोषला जातो. हायड्रोजनच्या या पातळ्या −१३.६, −३.४०, −१.५१ इलेक्ट्रॉन व्होल्ट अशा आहेत. तिसरीवरून दुसरीवर येताना १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट सुटतात, आणि ही ऊर्जा म्हणजेच ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेषा.

जुने सूत्र पुन्हा सिद्ध करण्यापेक्षा मोठी कसोटी वेगळीच होती. झीटा पपिस या ताऱ्याच्या वर्णपटातील काही रेषा हायड्रोजनच्या मानल्या जात. बोर यांनी त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या ठरवल्या. आल्फ्रेड फाउलर यांनी हरकत घेतली: सिद्धांताप्रमाणे हेलियम व हायड्रोजनच्या रेषांच्या सूत्रांतील स्थिरांकांचे गुणोत्तर नेमके ४ हवे, मोजमापात ते ४.००१६ येते. बोर यांनी केंद्रकही किंचित हलते हे हिशेबात धरले आणि उत्तर ४.००१६३ आले. पुढल्याच वर्षी जेम्स फ्रांक व गुस्टाव्ह हर्ट्झ यांना पाऱ्याच्या वाफेतील इलेक्ट्रॉन ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या ठोक मापानेच ऊर्जा गमावताना दिसले.

तरीही दोन इलेक्ट्रॉनांच्या साध्या हेलियमपुढे बोर यांचे प्रारूप थांबले. रेषांची तीव्रताही त्यातून नीट निघेना. १९२५–२६ मध्ये वेर्नर हायझेनबर्ग व एर्विन श्रोडिंगर यांच्या पुंजयामिकीने वर्तुळाकार कक्षा काढून टाकल्या. ऊर्जापातळ्या मात्र राहिल्या.

शोषणात एक मेख आहे. बामर श्रेणीची काळी रेषा पडण्यासाठी इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर हवा. थंड हायड्रोजनात तो जवळजवळ नेहमी पहिलीवरच असतो. म्हणून या रेषा अभिजितसारख्या, सुमारे १०,००० केल्व्हिन पृष्ठतापमानाच्या ताऱ्यांत सर्वांत ठळक असतात आणि सूर्यात फिक्या. आणखी तापले की अणू आयनित होऊन त्या पुन्हा विरतात. तापमान व दाबानुसार किती अणू आयनित होतील, याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दिले. त्याच्या आधारे सीसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात ताऱ्यांत हायड्रोजन सर्वांत विपुल असल्याचे काढले. हेन्री नॉरिस रसेल यांना ते अशक्य वाटले, आणि त्यांच्या दबावामुळे पेन यांनी हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे प्रबंधातच नोंदवले. चार वर्षांनी रसेल स्वतंत्र मार्गाने त्याच निष्कर्षाला पोचले.